जामीनदाराला जाब कोण विचारणार?



जामीन राहणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. सोसायटीचे कर्ज काढायचे तर जामीनदार लागतो. जामीन राहणारा माणूस सही करण्याआधी चार गोष्टी विचारतो. किती काढतोस? कशासाठी काढतोस? विहिरीला पाणी लागले नाही, पाऊस गेला, तर फेडणार कशातून? तो हे विचारतो, कारण उद्या बँकेची नोटीस निघाली तर ती त्याच्याही दारात येणार आहे. निरक्षर माणूससुद्धा हे विचारल्याखेरीज कागदावर अंगठा उठवत नाही.

जगाच्या बाजारात मात्र काही असे बडे जामीनदार आहेत की ज्यांनी वर्षानुवर्षे अब्जावधी डॉलरच्या कागदांवर सह्या केल्या आणि यातला एकही प्रश्न गावाला जाऊन विचारला नाही. कुणाची जमीन जाणार, कुणाची मासेमारी बुडणार, तयार झालेली वीज किंवा साखर कोण विकत घेणार आणि नाही परवडली तर बिल कोण भरणार, याची चौकशी करायची त्यांना गरजच वाटली नाही. या जामीनदारांना निर्यात पतसंस्था म्हणतात. नाव ऐकून वाटेल की हा मुंबई-दिल्लीच्या साहेब लोकांचा विषय आहे, ज्वारी-कापूसवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या वीजबिलातून, आपल्या राज्याच्या तिजोरीतून आणि कापसाच्या भावातून त्याची किंमत आपण मोजलेली आहे. म्हणून हा विषय जिल्हा बैठकीपुढे ठेवत आहे.

हा धंदा चालतो कसा?

एखाद्या देशातल्या कारखान्याला परदेशात यंत्रे विकायची असतात. घेणारा देश गरीब, त्याची पत कमी. पैसे बुडाले तर काय, अशी कारखानदाराला आणि त्याच्या बँकेला धास्ती असते. तेव्हा त्या कारखानदाराचे सरकार पुढे येते आणि म्हणते, तू माल विक, पैसे बुडाले तर आम्ही भरून देऊ. कधी हे सरकार स्वतःच घेणाऱ्याला कर्ज देते, कधी बँकेच्या कर्जाला जामीन राहते, कधी विमा उतरवते. हे काम करण्यासाठी प्रत्येक श्रीमंत देशाने आपापली संस्था काढली. इंग्लंडने १९१९ साली, अमेरिकेने एक्झिम बँक १९३४ साली. जर्मनीत हेच काम हर्मिस या नावाने चालत आले. आपल्या देशाचीही निर्यात विमा संस्था १९५७ पासून आहे, तिला आज ईसीजीसी म्हणतात. आणि भारताची एक्झिम बँक १९८२ पासून काम करते.

यात वरवर वावगे काही नाही. विक्रेत्याला धीर देणारा जामीनदार असावा, हे बाजाराच्या रीतीला धरूनच आहे. गोम पुढे आहे. आपल्या गावचा जामीनदार बुडाला तर स्वतःच्या जमिनीला मुकतो. हा जामीनदार बुडत नाही. तो आपल्या कारखानदाराला पैसे भरून देतो आणि मग घेणाऱ्या देशाच्या सरकारकडे वसुलीला येतो, कारण त्या सरकारकडून आधीच हमी लिहून घेतलेली असते. म्हणजे खासगी कंपनीचा फसलेला सौदा बघता बघता सरकारचे कर्ज होऊन बसतो. सरकारचे कर्ज म्हणजे कुणाचे, हे सांगायला नको. ज्याला नुकसानीची भीती नाही, तो चौकशी कशाला करील?

दाभोळ : हमीवर हमी, त्यावर हमी

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या राज्यातच घडले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी ही खाडीकाठची गावे. तिथे अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने वीज प्रकल्प काढायचे ठरवले. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी समझोता झाला, ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, दोन्ही टप्पे मिळून २००० मेगावॉटच्या वर. दाभोळ पॉवर कंपनीत सुरुवातीला ८० टक्के हिस्सा एन्रॉनचा, बाकी जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्यांचा. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकने द्यायची, बांधकाम बेक्टेलने करायचे. म्हणजे मालक तेच, पुरवठादार तेच आणि कंत्राटदारही तेच. प्रकल्पाचा खर्च वाढला तर त्यात कुणाचा तोटा आणि कुणाचा फायदा, याचा हिशेब आपला आपण करावा.

जागतिक बँकेने १९९३ सालीच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. वीज महाग पडेल आणि एवढी वीज मंडळाला पेलणार नाही, असे तिचे म्हणणे. जागतिक बँक काही शेतकऱ्यांची कैवारी नव्हे. पण सौदा इतका उघड तोट्याचा होता की तिलाही तो दिसला. पुण्याच्या प्रयास गटाच्या अभियंत्यांनी १९९५ साली कराराचा आकडेवार हिशेब मांडून हेच दाखवले. वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार भरावाच लागणार. हिशेब डॉलरशी बांधलेला, रुपया घसरला की बिल वाढणार. इंधन आयातीचे, तेल भडकले की बिल वाढणार.

मग जागतिक बँकेने नाकारलेला प्रकल्प उभा राहिला कसा? तिथे निर्यात पतसंस्था धावून आल्या. १९९५ साली अमेरिकेच्या एक्झिम बँकेने सुमारे ३० कोटी डॉलरचे कर्ज दिले. ओपिक या अमेरिकेच्या दुसऱ्या सरकारी संस्थेने १० कोटी डॉलर कर्ज दिले आणि वर राजकीय जोखमीचा विमा उतरवला. १९९९ साली दुसऱ्या टप्प्यासाठी जपानची एक्झिम बँक आणि बेल्जियमची सरकारी निर्यात संस्था याही आल्या. याच संस्थांना पैसा मिळावा म्हणून एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे साक्ष दिली आणि सांगितले की, आपल्या कंपनीने भारतातल्या लोकांना शिक्षित करणे आणि प्रकल्प जुळवणे यावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. कोण शिकले, काय शिकले, यावर त्या काळी महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला.

आता हमीची साखळी पाहा. वीज मंडळाने पैसे नाही दिले तर महाराष्ट्र सरकार देणार, ही पहिली हमी, फेब्रुवारी १९९४ ची. महाराष्ट्र सरकारने नाही दिले तर केंद्र सरकार देणार, ही प्रतिहमी, सप्टेंबर १९९४ ची. आणि यापुढची गंमत अशी की, अमेरिकेच्या एक्झिम बँकेने जे कर्ज दिले त्याला जामीन कोण राहिले? आयडीबीआयच्या पुढाकाराने आपल्याच सरकारी वित्तसंस्था! परदेशी जामीनदाराने जोखीम घ्यायची म्हणून त्याला मान द्यायचा, आणि त्याची जोखीम परत आपल्याच बँकांच्या गळ्यात घालायची. सोसायटीचे १ लाख रुपये काढताना ज्याच्या सातबारावर बोजा चढतो, त्या शेतकऱ्याने हा व्यवहार कोणत्या शब्दांत वर्णावा?

याला खुला बाजार म्हणता येत नाही. खुल्या बाजारात ज्याचा नफा त्याचीच जोखीम असते. १९९२ सालच्या धोरणाने वीज कंपन्यांना भागभांडवलावर १६ टक्के परताव्याची सोय करून दिली, तीही परकीय चलनाच्या चढउताराला संरक्षण देऊन. रब्बीचा शाळू काढणाऱ्याला कुणी अशी हमी दिली आहे? पाऊस न पडल्यास, भाव पडल्यास, मजुरी वाढल्यास नफा कायम राहील असा करार सरकारने कुठल्या कोरडवाहू शेतकऱ्याशी केला? आम्ही नशीब आणि बाजार या दोन्हींच्या तोंडी, आणि बाजाराचे गुणगान करणारी कंपनी मात्र सरकारच्या पदराखाली!

वेलदूरच्या बायका आणि वॉशिंग्टनची बँक

जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या. आंबा-काजूच्या बागा गेल्या. खाडीत गरम पाणी सुटेल आणि मासळी जाईल, अशी भीती वेलदूरच्या कोळ्यांना होती. लोकांनी मोर्चे काढले, जमावबंदी मोडली, अटका झाल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या वस्तीत शिरले. बहुतेक पुरुष समुद्रावर गेलेले. घरात होत्या त्या बायकांना झोपेतून ओढून काढून मारहाण झाली आणि अटक झाली. याची नोंद अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी केली. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेचा मोठा अहवाल आला. बंदोबस्ताच्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती, हे त्यात मांडले आहे. लोकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या पोलिसांचा पगार प्रकल्पाचा मालक देत असेल, तर त्यांची लाठी कुणावर उगारली जाणार हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्या अहवालाने ठपका फक्त कंपनीवर आणि महाराष्ट्र सरकारवर ठेवला नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांवर आणि अमेरिकेच्या सरकारवरही ठेवला. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार देणारा हात गुहागरच्या पोलिसांचा होता, पण तो प्रकल्प ज्या पैशावर उभा होता तो पैसा वॉशिंग्टनहून आला होता. तिथल्या बँकेने उंटावरून शेळ्या हाकल्या. वेलदूरची कोळीण तिची ऋणको नव्हे, ग्राहक नव्हे, मतदारही नव्हे. तिने तक्रार करायची तर कुणाकडे? बँक म्हणणार, आम्ही फक्त यंत्राला कर्ज दिले. कंपनी म्हणणार, कायदा-सुव्यवस्था सरकारचे काम. सरकार म्हणणार, करार मोडला तर हमी अंगावर येईल. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, आणि मार खाणारी मधे एकटी.

बिल शेवटी कुणाच्या नावे फाटले?

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला. २००० साल संपेपर्यंत काही महिन्यांचा दर युनिटला ७ रुपयांच्या वर गेला. आधीच गळतीने पोखरलेल्या मंडळाला हे झेपणे शक्य नव्हते. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने आधी राज्याच्या हमीवर आणि मग केंद्राच्या प्रतिहमीवर दावा लावला. मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द केला, प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झालेला, तसाच गंजत पडला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळ्यात गेली. तिचे हिशेब खोटे होते, हे साऱ्या जगाला कळले.

सामान्य व्यवहारात इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जामीनदार अजून बाकी होते. २००३ साली अमेरिकेतल्या लवादाने निवाडा दिला की, ओपिकने जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलला विम्याचे मिळून सुमारे ५.७ कोटी डॉलर द्यावेत. ओपिकने दिले, आणि भारत व अमेरिका यांच्यातल्या १९९७ च्या कराराचा आधार घेऊन २००४ साली भारत सरकारवरच दावा लावला. म्हणजे आपल्या कंपनीला दिलेला विमा दुसऱ्या देशाच्या जनतेकडून वसूल करायचा! २००५ सालच्या तडजोडींत ही देणी मिटवण्यात आली, परदेशी कंपन्यांना पैसे मोजून बाहेर काढले, आणि एनटीपीसी, गेल, सरकारी बँका यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली. हजारो कोटींचा बोजा सार्वजनिक पैशावर आला. गॅस मिळेना म्हणून तो प्रकल्प पुढेही कितीदा तरी बंद पडला.

त्याच काळात आपल्याला काय सांगितले जात होते, ते आठवा. शेतीपंपांमुळे मंडळ बुडाले, शेतकरी फुकटे आहेत! २००० साली राज्य वीज नियामक आयोगापुढे हिशेब उघडा पडला, तेव्हा मंडळाची खरी गळती दाखवत होते त्याहून कितीतरी अधिक निघाली. शेतीपंपांच्या नावावर भलतीच वीज खपवली जात होती. डीपी जळाला तर आठ-आठ दिवस अंधारात पीक वाळवणारा शेतकरी गुन्हेगार, आणि न घेतलेल्या विजेचे पैसे मागणारी कंपनी प्रगतीची दूत. हा न्याय होता.

महेश्वर : सही करण्याआधी विचारले तर

मग जामीनदाराला अडवता येतच नाही का? येते. त्याचा दाखला नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या निमाडात आहे. निमाड म्हणजे आपल्यासारखाच कापसाचा मुलूख, फक्त नदीकाठची माती जास्त कसदार. तिथे महेश्वरला ४०० मेगावॉटचे धरण एका खासगी कंपनीने बांधायला घेतले. ६१ गावांच्या जमिनी आणि घरांवर त्याची सावली पडत होती. ११ जानेवारी १९९८ रोजी हजारो शेतकरी, मजूर, कोळी आणि मोठ्या संख्येने बायका यांनी धरणाच्या जागेचा ताबा घेतला.

त्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. भोपाळ-दिल्लीशी भांडतानाच ते जामीनदाराच्या दारापर्यंत पोचले. टर्बाइन जर्मनीची सीमेन्स कंपनी देणार होती आणि तिला जर्मन सरकारची हर्मिस हमी हवी होती. तेव्हा निमाडच्या लोकांनी आणि जर्मनीतल्या त्यांच्या मित्रांनी जर्मन सरकारला विचारले, तुम्ही ज्या धरणाला जामीन राहता आहात तिथल्या लोकांना द्यायला जमीन आहे का, हे पाहिले का? २००० सालच्या जून महिन्यात जर्मन सरकारने पाठवलेले स्वतंत्र पथक गावोगाव फिरले. कागदावरचे पुनर्वसन जमिनीवर नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हमी मिळाली नाही. ती नाही म्हटल्यावर परदेशी पैशाचे बाकीचे दरवाजेही बंद झाले. पुढे भारतीय वित्तसंस्थांचा पैसा त्यात ओतला गेला, ही आपली शोकांतिका. पण २०२० साली मध्य प्रदेश सरकारला त्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार रद्दच करावा लागला. परदेशातून आलेल्या पथकाला जे दिसले, ते आपल्या बँकांना २० वर्षे दिसले नाही.

दाभोळ आणि महेश्वर शेजारी ठेवून पाहिले की धडा स्पष्ट होतो. दाभोळला प्रश्न सही झाल्यावर विचारले, उत्तर म्हणून बिल आले. महेश्वरला प्रश्न सही होण्याआधी विचारले, म्हणून सही झाली नाही. हमी हीच या सगळ्या व्यवहाराची वेसण आहे. बैल उधळल्यावर शेपूट धरण्यात अर्थ नसतो.

कापसाला एक नियम, माणसाला दुसरा

श्रीमंत देशांना जामीनदारावर नियम घालता येत नाहीत, असे समजू नका. त्यांना हवे तिथे ते घालतात. कुणी कुणापेक्षा स्वस्त व्याज देऊन गिऱ्हाईक पळवायचे नाही, असा समझोता या देशांनी आपसात १९७८ सालीच केला. पण पर्यावरणाचे आणि बाधित लोकांचे काय, यावर त्यांच्या ओईसीडी या संघटनेने एकत्र शिफारस केली ती २००३ साली, दाभोळ बुडून गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला! मधली २५ वर्षे गिऱ्हाइकाची काळजी होती, वेलदूरच्या कोळणीची नव्हती. २०१२ साली त्यात मानवी हक्कांचा उल्लेख आला. मोठ्या प्रकल्पाची माहिती सही करण्याआधी महिनाभर जाहीर करावी, असे त्यात आहे. मात्र ही शिफारस आहे. मोडली म्हणून बाधित माणसाला कोर्टात खेचता येईल, असे त्यात काही नाही.

आता आपल्या कापसाचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या शेती खात्याची जीएसएम-१०२ नावाची योजना आहे. परदेशातल्या गिरणीने अमेरिकेचा कापूस, मका, सोयाबीन उधारीवर घेतला तर त्या उधारीला अमेरिकन सरकार जामीन राहते, आणि त्यासाठी फी घ्यायची ती खर्चाला पुरणार नाही इतकी कमी. म्हणजे अमेरिकन कापूस विकायला पत सरकारची. आपल्या शेतकऱ्याच्या कापसाला, माली-बुर्किना फासोच्या शेतकऱ्याच्या कापसाला असा पाठीराखा नाही. ब्राझीलने २००२ साली हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत नेले. २००५ साली अंतिम निर्णय लागला की, ही हमी म्हणजे बेकायदेशीर निर्यात सबसिडी आहे. अमेरिकेने ताणून धरले, पण २०१४ साली तिला ३० कोटी डॉलर देऊन आणि हमीची मुदत आखडून मिटवावे लागले.

हा विजय मोठा आहे आणि कापूस उत्पादकाने तो लक्षात ठेवावा. पण फरकही ध्यानात घ्या. हमीमुळे दुसऱ्या देशाच्या व्यापाराचे नुकसान झाले तर दाद मागायला लवाद आहे, त्याच्या निकालाला दात आहेत. हमीमुळे गावाचे नुकसान झाले तर शिफारस आहे, समिती आहे, अहवाल आहे. कापसाच्या गाठीला जो न्याय मिळतो तो कापूस पिकवणाऱ्या माणसाला का मिळू नये?

आता आपणही जामीनदार झालो

आजवर आपण घेणारे होतो, म्हणून तक्रार सोपी होती. आता दिवस पालटले आहेत. २००५-०६ पासून भारत सरकार आपल्या एक्झिम बँकेमार्फत आफ्रिका-आशियातल्या देशांना कर्जे देते आणि त्यातून भारतीय कंपन्यांची यंत्रे, कंत्राटे खपवते. इथिओपियाच्या साखर कारखान्यांसाठी २००७ साली ६४ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्यातला तेंदाहोचा कारखाना अवाश नदीकाठी, अफार धनगरांच्या चराऊ रानात. उसाला पाणी गेले की चारा कुणाचा जातो, हे सोलापूर जिल्ह्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

त्याहून मोठे उदाहरण बांगलादेशातल्या रामपालचे. १३२० मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प, सुंदरबनच्या कडेला. एनटीपीसी त्यात भागीदार, भेल बांधणारी, आणि आपल्या एक्झिम बँकेचे १६० कोटी डॉलर कर्ज. युनेस्कोच्या पथकाने २०१६ साली सांगितले, हा प्रकल्प इथे नको, दुसरीकडे हलवा. २०१७ साली नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने याच कारणाने भेलमधली गुंतवणूक बंद केली. कर्जावर मात्र सही झाली आणि २०२२ साली पहिला संच सुरूही झाला. वेलदूरच्या कोळ्यांनी जे प्रश्न अमेरिकेच्या बँकेला विचारले, तेच आज पशुर नदीवरचा मच्छीमार आपल्या बँकेला विचारतो आहे. काही जण म्हणतील, परक्या देशातल्या मच्छीमाराची पंचाईत आपल्याला कशाला? आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, हे शेतकरी चळवळीला शोभणारे नाही. शिवाय पैसा आपला आहे. एक्झिम बँकेचे भांडवल भारत सरकारचे, आणि ही कर्जे बुडाली तर भर पडायची ती आपल्याच करातून.

भारत ओईसीडीचा सभासद नाही, म्हणून ती अपुरी शिफारससुद्धा आपल्या बँकेला लागू नाही. १९८१ च्या एक्झिम बँक कायद्यात बाधित माणसाच्या तक्रारीची तरतूद नाही. बँकेने पर्यावरणाच्या नावाचे आराखडे केले, २०२३ साली त्या नावावर १०० कोटी डॉलरचे रोखेही विकले. रोखे घेणाऱ्यांना जबाबदारी दाखवता येते, तर गावाला का दाखवता येऊ नये? जपानच्या सरकारी बँकेने बाधितांची हरकत ऐकण्याची सोय २००३ साली केली. अमेरिकेच्या ओपिकनेही २००५ साली, म्हणजे दाभोळ मिटले त्याच वर्षी, अशी कचेरी उघडली. ठेच लागल्यावर का होईना, त्यांनी काही केले.

आणि कोकणाचाही विषय संपलेला नाही. जैतापूरला फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीच्या सहा अणुभट्ट्यांचा, ९९०० मेगावॉटचा प्रस्ताव आहे. १८ एप्रिल २०११ रोजी तिथे गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. २०२१ साली ईडीएफने आपला सविस्तर प्रस्ताव भारताला दिला. एवढा मोठा खर्च फ्रेंच सरकारच्या निर्यात-पतीशिवाय उभा राहणे कठीण. म्हणजे इथेही कुणीतरी जामीन राहणार. त्याला आधी विचारायचे की नंतर, हे ठरवण्याची वेळ सही होण्याआधीची असते.

बैठकीपुढचा ठराव

कुणी म्हणेल, तुम्हाला वीज नको, कारखाने नकोत, परदेशी भांडवल नको. आम्हाला वीज हवी, आणि रात्री बाराला नव्हे तर दिवसा हवी. भांडवल हवे, कुठूनही येवो. आमचे म्हणणे एवढेच की ज्याचा नफा त्याची जोखीम, आणि जो जामीन राहील त्याने जाब द्यावा. जिल्हा बैठकीने पुढील मागण्यांचा ठराव करावा, अशी माझी सूचना आहे.

एक, भारताच्या एक्झिम बँकेने आणि ईसीजीसीने मोठ्या प्रकल्पाला कर्ज वा हमी देण्याआधी प्रकल्पाचे नाव, ठिकाण, रक्कम आणि पर्यावरणाचा व लोकांवरच्या परिणामांचा अहवाल जाहीर करावा.

दोन, बाधित माणसाला, तो कोणत्याही देशाचा असो, आपल्या भाषेत तक्रार करता येईल अशी स्वतंत्र कचेरी कायद्याने निर्माण करावी, आणि तिचा निकाल बँकेवर बंधनकारक असावा.

तीन, महाराष्ट्र सरकारने कोणत्याही कंपनीला हमी देण्याआधी करार विधिमंडळात आणि मराठीत जनतेपुढे ठेवावा. गुपित करारावर दिलेली हमी जनतेने मानायची का, हा प्रश्न दाभोळने विचारून ठेवला आहे.

चार, आपल्या राज्यातल्या प्रकल्पाला परदेशी निर्यात पतसंस्था जामीन राहणार असेल, तर त्या संस्थेचे पथक बाधित गावांत येऊन, पोलीस बंदोबस्ताशिवाय, लोकांचे ऐकून गेल्याखेरीज सरकारने प्रतिहमी देऊ नये.

ठराव करून थांबू नये. या दोन्ही संस्था सरकारी आहेत, २००५ चा माहितीचा अधिकार त्यांना लागू आहे. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज जावा. आपल्या खासदारांना हा प्रश्न लोकसभेत विचारायला लावावे. मत मागायला ते आपल्याच गावांत येतात. सोसायटीच्या जामीनदाराला जी अक्कल आहे, ती देशाच्या जामीनदाराला असलीच पाहिजे, एवढीच आपली मागणी आहे, आणि ती काही फार मोठी नाही.

मोडनिंब, ता. माढा, जि. सोलापूर